दहा हजार एक काही केल्या फुटेना

दातांच्या डॉक्टरबाई आरसा हातात घेऊन उभ्या, खुर्चीत खारू ओठ घट्ट मिटून बसलेली, आणि तिची आई खारूच्या गळ्यात बांधलेल्या कागदी लाळेऱ्यावर पेन्सिलीने भागाकार करत होती.

याला कारण खारूचे बाबा. इंजेक्शन असो की केस कापणं, ते लेकीला एक मोठी संख्या द्यायचे. ती कशाने तरी पूर्ण भागली गेली, म्हणजे यांच्या घरच्या भाषेत 'फुटली', की खारूने मुकाट्याने ऐकायचं. बाबा फुटणारीच संख्या निवडायचे, म्हणून आजवर निभावलं. आज मात्र कामावर निघता निघता "दहा हजार एक!" असं ओरडून ते पसार झाले होते.

खारूचा गाल कालपासून टम्म फुगलेला. दाढेत पू झालेला. आज तोंड उघडलं नाही तर... पुढचं आईला मनातही आणवत नव्हतं.

तिने नवऱ्याला फोन लावला.

"सातने भाग की! लगेच जाईल."

"नाही जात. पाच उरतात."

"अकरा? तेरा?"

"दोन उरतात. चार उरतात. आणि माझं डोकं उठलंय!"

पलीकडे बाबांनी जीभ चावली. "अगं, मला एक हजार एक म्हणायचं होतं. एक शून्य जास्त पडलं."

"तू आणि तुझं शून्य!" तिने फोन आपटला आणि आवाजात साखर घोळली. "खारू, बाबा चुकले बघ. आपण एक हजार एक घेऊया हं? ती सातने फुटते."

ओठांच्या फटीतून उत्तर आलं, "दिलेली बदलायची नाही."

"खोटंच सांगा ना, फुटली म्हणून," डॉक्टरबाई कुजबुजल्या.

"ती ताळा करून बघते हो!"

"बाहेर पेशंट ताटकळलेत. थोडा वेळ थांबते, नाहीतर उद्या या."

आई पुन्हा भिडली. फक्त मूळ संख्या घ्यायच्या, त्याही शंभरपर्यंतच. शंभरापुढचा भाजक असलाच, तर त्याचा जोडीदार शंभराच्या आत सापडायलाच हवा. पण तोवर फुटली नाही, तर ही बया कधीच फुटणार नव्हती. सतरा. एकोणीस. तेवीस. दरवेळी तळाशी काहीतरी उरायचंच. लाळेरं भरलं, तिने ते उलटं केलं. एकाहत्तरला एकसष्ट उरले, तेव्हा तिला रडू कोसळायचंच बाकी होतं.

त्र्याहत्तर. शंभर वेळा, सात हजार तीनशे. राहिले दोन हजार सातशे एक. त्यात सदतीस वेळा... बाकी शून्य!

"फुटली! त्र्याहत्तर गुणिले एकशे सदतीस!" ती इतकी जोरात ओरडली की बाहेरची कुजबुज बंद पडली.

खारूने पेन्सिल घेतली आणि सावकाश, अगदी सावकाश, गुणाकार केला. हिच्या पाठीत एक धपाटा घालावा, असं आईला मनापासून वाटलं. शेवटी मान डुलली. खारूने आ वासला.

डॉक्टरबाई वाकल्या आणि थबकल्या. "पण काय हो, हा एकशे सदतीस कशाने फुटतो?"

खारूचे ओठ मिटायला लागले.

"बाई," आई दातओठ खात म्हणाली, "तुम्ही आधी दाढ बघा!"

डॉक्टरबाईंनी झटकन आरसा आत सरकवला.