खडीवरची चाकं

आवाज झाला तेव्हा मी आत आपट्याची पानं निवडत होते. हातातली पानं तशीच मांडीवर सांडली. एवढ्या जवळून एवढा मोठा आवाज मी एकदाच ऐकला होता, आमच्या प्रयोगशाळेत गॅसची नळी फुटली होती तेव्हा.

गॅलरीत धावले. बाबा सायकलशेजारी दोन्ही हात अंगापासून लांब धरून उभे होते. त्यांच्या चष्म्यावर, सदऱ्यावर, मागच्या भिंतीवर दुधासारखं पांढरं काहीतरी उडालं होतं. मागचं टायर रिमच्या बाहेर येऊन लोंबत होतं. झेंडूचा हार तुटून फुलं पार जिन्यापर्यंत गेली होती.

"कोणी फोडला रे फटाका? दिवाळीपर्यंत तरी थांबा की मेल्यांनो!" शेजारच्या बकुळामावशी आतूनच ओरडल्या.

"बाबा, कुठे लागलं?"

"काय?" ते मोठ्याने म्हणाले. "काय म्हणतंस?"

त्यांना ऐकू येत नव्हतं.

सायकल माझ्या धाकट्या बहिणीची, आकांक्षाची. डांबरी रस्त्यावर पळवायची, अरुंद टायरांची. उद्या कर्जतकडे तिची पहिली कच्च्या रस्त्यावरची शर्यत होती. खडीचा लांब उतार, आणि वर्षभराचा तिचा सराव. दुसरी सायकल घेणं शक्य नव्हतं, म्हणून चाकं बदलायचं ठरलं. ती निवड तिने माझ्यावर सोपवली होती.

मी फ्रेममधली फट मोजली. बत्तीस मिलिमीटरचं टायर कसंबसं बसलं असतं, पण एखादा खडा अडकला की चाक जाम. तीसचं घेतलं. रिम रुंद आणि हलकी घेतली. जुन्या रिमच्या आतल्या बाजूला दुमडलेली कड असते, ती टायरला धरून ठेवते. या नव्या रिमच्या भिंती सरळ होत्या. त्यात हवा कमीच भरायची, जास्त झाली तर टायर रिममधून सुटून बाहेर उडतं. आत ट्यूब नव्हती, भोक पडलं तर आपोआप बुजवणारा पांढरा द्रव होता. आकांक्षाच्या वजनाला पंचेचाळीस पीएसआयचा दाब पुरे होता. खडीवर मऊ टायर दगडाला बिलगतं, कडक टायर उडतं.

हे सगळं आम्ही दोघी बाबांच्या समोरच बोललो होतो. ते पेपर वाचत होते.

आज दसरा. बाबा गिरणीत फिटर होते. गिरणी गेली, तरी दसऱ्याला घरातलं प्रत्येक यंत्र ते पुसतात, तेल देतात, हळदकुंकू लावतात. शिलाई मशीन, मिक्सर, त्यांची काळी सायकल. मघाशी पंपाचा आवाज मी ऐकला होता. ते त्यांच्याच सायकलीत हवा भरतायत असं मला वाटलं.

"मऊ लागत होता गो," बाबा ओरडूनच बोलत होते. "पूजेक यंत्र ढिला ठेवचा नाय. रस्त्यात पोरीक त्रास नको, म्हणान भरलंय."

"पुढच्यात किती भरलीत?"

त्यांना ते ऐकू आलं नाही. पण माझं बोट पुढच्या चाकाकडे होतं, ते त्यांना दिसलं. "ह्या बघ, ह्या एकदम फस्क्लास," म्हणत ते वाकले आणि अंगठ्याने टायर दाबायला लागले. तोंड चाकापासून वीतभर अंतरावर.

मी त्यांचा सदरा मागून धरून ओढला. ते भिंतीवर आदळले. आयुष्यात मी त्यांना कधी हात लावून हलवलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग चाकाकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मला दिसला.

गोधडी आणून मी पुढच्या चाकावर टाकली. बाजूला बसून, मान वळवून, गोधडीखालून हात घातला. या चाकालाही हार होता, त्याच्या दोऱ्यात व्हॉल्व्ह सापडेना. बोटं झेंडूत चाचपडत होती. सापडला. टोपी काढली, नट सैल केला, दाबलं. हवा बराच वेळ बाहेर येत राहिली.

तेवढ्यात आकांक्षा श्रीखंडाचा डबा घेऊन जिना चढून आली. "हे काय? आणि बाबांना काय झालं?"

"मागची रिम गेली," मी म्हणाले. "तिची बाजू तडकलीय."

"पुढचं आहे ना? मागे जुनं चाक लावू."

"पुढचंही नाही. मर्यादेच्या बरंच वर ताणलं गेलंय. उतारावर सुटलं तर?"

तिने डबा खाली ठेवला. मग भिंतीवरच्या पांढऱ्या शिंतोड्यांकडे बघितलं. बाबांच्या चेहऱ्याच्या आकाराची जागा तेवढी कोरी राहिली होती.

"जुनीच लाव, ताई," ती म्हणाली. "सपाटीवर चालवेन. उतार हातात सायकल धरून उतरेन. शेवटची आले तर आले."

जुनी अरुंद चाकं माळ्यावरून काढून मी बसवली. खडीसाठी त्यातली हवाही थोडी कमी केली. बाबांना डाव्या कानाने आता जरा ऐकू येत होतं. ते जवळ आले. सवयीने अंगठा टायरकडे गेला.

टेकायच्या आधीच त्यांनी तो मुठीत मिटून घेतला.