तिसरं चित्र

सुभानरावांनी लगाम टांगेवाल्याच्या हातात दिला आणि घोडीकडे पाठ फिरवून ते चालू लागले. बारा पावलं चालायची, असं त्यांना सांगितलं होतं. त्यांनी बारा मोजली आणि बाभळीपाशी उभे राहिले. मागे कॅमेऱ्याची घरघर थांबली.

"काका, तुम्ही एकदाही मागे वळून पाहिलं नाहीत," शरच्चंद्र म्हणाला.

"पाहायचं होतं?"

अहल्येने हातातल्या पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यातून सर्वांत खालचा पुठ्ठा काढून त्यांच्यापुढे धरला. चित्रात फेटा बांधलेला एक शिपाई मान वळवून घोडीकडे पाहत होता. गालावर तिने एक थेंबही काढला होता. सुभानरावांनी चित्र लांब धरून निरखलं. घोडी परत करा असा हुकूम झाल्यावर शिपाई वळून पाहत नसतो, एवढंच ते म्हणाले.

सुभानरावांनी अठ्ठावीस वर्षं सरकारी पागेत काढली होती. पेन्शनीत निघाल्यावर ते अहल्येच्या वडिलांच्या, दिनकरराव मास्तरांच्या शाळेत पहाऱ्याला राहिले. तिथेच अहल्येने त्यांना एकदा त्यांच्या घोडीबद्दल विचारलं होतं. म्हातारी झाली, पागेतून काढली, दुसऱ्याने नेली, असं एका दमात सांगून ते घंटा द्यायला निघून गेले होते. त्या एका वाक्यावरून कॉलेजातल्या या पोरीने एकोणीस चित्रं काढली. तिच्या वर्गातल्या शरच्चंद्राच्या मामांनी विलायतेहून चावीचा कॅमेरा आणला होता. सोबत फिल्मचं एकच रीळ होतं, चार मिनिटांचं. म्हणून त्यातली चारच चित्रं निवडायची आणि प्रत्येक गोष्ट चित्राबरहुकूम, एकदाच करायची, असं ठरलं होतं. घोडी टांगेवाल्याची उसनी घेतली होती.

"असू दे," अहल्या म्हणाली. "आता तिसरं."

"तिसरं म्हणजे?"

"तुम्ही बावीस वर्षांचे आहात. पागेत नुकतेच लागलात. घोडी तुमच्या ताब्यात मिळते."

सुभानरावांनी तिच्याकडे पाहिलं, मग घोडीकडे पाहिलं. सकाळपासून त्यांचा असाच गोंधळ चालला होता. आधी त्यांनी घोडीला खरारा केला, तो दहावा. मग चढून नदीच्या काठाने गेले, तो सातवा. मग निरोप घेतला. दर वेळी ते आपलं वय विचारून घेत आणि त्याप्रमाणे पाठ ताठ करत किंवा सैल सोडत. अहल्येने त्यांना पुन्हा एकदा समजावलं. नदीकाठी सकाळचं ऊन चांगलं पडतं, आणि टांगेवाल्याच्या अंगणात ते दुपारशिवाय येत नाही. म्हणून शेवट आधी उरकला. मागाहून सगळे तुकडे जागच्या जागी जोडायचे. लोकांना तिसरं आधी दिसेल आणि एकोणिसावं शेवटी.

"लोकांना दिसेल," सुभानराव म्हणाले. "पण घोडीला?"

शरच्चंद्र हसला. अहल्या हसली नाही.

दुपारी टांगेवाल्याच्या अंगणात लीलाने, म्हणजे अहल्येच्या धाकट्या बहिणीने, सुभानरावांच्या पांढऱ्या मिशांना काजळ लावलं. टांगेवाल्याने आरसा आणून दिला आणि "काका, जुवान थई गया," असं तो त्याच्या गुजरातीत म्हणाला. सुभानरावांनी आरशात पाहिलं आणि तो पटकन परत केला. त्यांनी बरोबर आणलेली भाकरी तशीच फडक्यात राहिली. चित्रात काय करायचं ते त्यांनी दोनदा विचारून घेतलं. दारातून घोडी येईल, लगाम हातात घ्यायचा, मानेवर थाप मारायची आणि छाती काढून हसायचं.

शरच्चंद्राने चावी दिली. टांगेवाल्याने घोडी दारातून बाहेर आणली.

चौथ्या पावलाला तिने सुभानरावांना ओळखलं. सकाळी त्यांच्या हातून गूळ खाल्ला होता, म्हणूनही असेल. टांगेवाल्याच्या हातून लगाम ओढून घेत ती सरळ त्यांच्यापाशी आली आणि तिने त्यांच्या छातीला तोंड घासलं. सुभानरावांचा हात थाप मारायला वर गेला होता, तो तसाच राहिला. मग त्यांनी तिच्या मानेवर कपाळ टेकलं. त्यांचे खांदे हलू लागले.

"काका, हसायचंय," शरच्चंद्र हलक्या आवाजात म्हणाला. पुन्हा म्हणाला. कॅमेरा घरघरत राहिला, आणि मग फिल्म संपल्याचा आवाज आला.

सुभानरावांनी तोंड वर केलं तेव्हा काजळ ओघळून हनुवटीपर्यंत आलं होतं. बावीस वर्षांचा शिपाई कुठे दिसत नव्हता.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "मला वाटलं..." आणि बाहीने हनुवटी पुसू लागले.

फिल्म मुंबईहून धुऊन यायला तीन आठवडे लागले. या दिवसांत शरच्चंद्र दोनदा शाळेपाशी आला, पण सुभानरावांशी तो अवघडून बोलला. तिसऱ्या चित्रावरून त्याचा आणि अहल्येचा वाद चालल्याचं त्यांनी दिनकररावांकडून ऐकलं. तो तुकडा फेकून द्यावा, असं शरच्चंद्राचं मत होतं. सुभानरावांनाही तेच बरं वाटलं.

रविवारी संध्याकाळी दांडिया बाजारात दिनकररावांच्या माडीवर चादर ताणली. बायकांच्या बाजूला सुभानरावांच्या पत्नी मथुराबाई पदर सावरून बसल्या. नवऱ्याचं हे काय चाललंय, हे त्यांना अजून नीट कळलं नव्हतं. दिवे मालवले आणि चादरीवर घोडी चालू लागली. नदीचा काठ झाला, खरारा झाला. मग सुभानरावांनी स्वतःची पाठ पाहिली. त्यांनी मनातल्या मनात बारा पावलं मोजली आणि संपलं म्हणून काठीला हात घातला.

पण संपलं नव्हतं. दारातून घोडी आली.

चादरीवरचा म्हातारा काळ्या, ओघळलेल्या मिशांनी घोडीच्या मानेला बिलगून उभा होता, आणि फिल्म संपेपर्यंत तसाच उभा राहिला. दिवे लागल्यावर कोणीतरी विचारलं, हे स्वप्न समजायचं का. दिनकरराव म्हणाले, बहुधा.

सुभानरावांनी अहल्येला बाजूला गाठलं.

"हे तर आधीचं होतं ना?"

"हो काका. पण तुम्ही केलंत ते नंतरचं होतं."

त्यांनी मान हलवली. कळलं म्हणून नव्हे; पोरीपुढे आणखी काही विचारवेना म्हणून.

बाबाजीपुऱ्याकडे परतताना मथुराबाई नेहमीसारख्या दोन पावलं मागे होत्या. रस्त्याला फारशी वर्दळ नव्हती.

"त्या दिवशी तुम्ही घरी आलात, हातपाय धुतलेत," त्या म्हणाल्या, "आणि आमटी अळणी झाली म्हणालात. घोडी गेली, हे मला चार दिवसांनी शेजारणीकडून कळलं."

सुभानरावांना आमटी आठवली नाही.

"तिचं नाव काय होतं?"

"टांग्याच्या घोडीचं? विचारलं नाही मी."

"तिचं नव्हे."

सुभानराव पुढे चालत राहिले. मग थांबले. संसाराच्या इतक्या वर्षांत हे नाव त्यांनी घरात कधी उच्चारलं नव्हतं, आणि आत्ता ते तोंडातून कसं काढावं हे त्यांना समजेना.

"शेवंती," ते म्हणाले.

मथुराबाईंनी ते नाव एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं. गल्लीचं वळण आलं होतं. त्या वळल्या नाहीत, सुभानरावांच्या शेजारून पुढे होऊन सरळ सुरसागर तळ्याच्या बाजूला चालू लागल्या.

"अगं, घर इकडे आहे," सुभानराव गोंधळून म्हणाले.

"ठाऊक आहे," मथुराबाई म्हणाल्या, आणि त्यांच्यासाठी थांबल्या.