चोवीस तासांत काय खाल्लं?

गजेंद्र सरांचं कमळ पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते आवडलं होतं, हे आधी कबूल करते. आठ पाकळ्यांचं. शरीर, मन, अन्न, पाणी, झोप, नाती, काम आणि सगळ्यांत वर अध्यात्म. एकेका पाकळीला शून्य ते पाच गुण. माणूस म्हणजे रोग नव्हे, माणूस म्हणजे अख्खं कमळ, असं सरांनी समजावून सांगितलं आणि राउंडला निघताना मला विचारलं, "सिस्टर, सात नंबरच्या हर्नियाला सुट्टी दिली का?"

वर्ध्याजवळच्या आमच्या ट्रस्टच्या दवाखान्यात २००२ साली डॉक्टरांसाठी पीएच.डी.चा नवा अभ्यासक्रम निघाला. नोकरी सांभाळून करायचा. अख्ख्या माणसाच्या आरोग्याचा विचार करायचा आणि त्याप्रमाणे दवाखान्याची नि गावांची सगळी व्यवस्था बदलणारे पुढारी घडवायचे, असा त्याचा हेतू. पुण्याहून मधुकरराव सर महिन्यातून एकदा मार्गदर्शनाला यायचे. मग गजेंद्र सरांसह पाच डॉक्टर सतरंजीवर गोल करून बसत आणि डोळे मिटून श्वासाकडे लक्ष देत. तेवढा वेळ ओपीडी बंद. अख्खा माणूस आत श्वास घेत बसलेला असायचा आणि उरलेली माणसं बाहेर केसपेपर धरून ताटकळत.

मी त्या दवाखान्यात गावांच्या कामाची सिस्टर. अन्नपूर्णा माझं नाव. तुळशीला पाणी आणि पोथीचा एक अध्याय झाल्याशिवाय तोंडात पाणी घालत नाही आणि दर चातुर्मासात एक नेम धरते. २००३ साली नेम होता, कोणाची निंदा करायची नाही. हा नेम धरणाऱ्या बाईने गजेंद्र सरांच्या हाताखाली काम करू नये, हे मला आषाढ संपायच्या आतच कळलं.

सरांनी प्रबंधासाठी बोरखेडा गाव निवडलं. तिथली आरोग्यसेविका तानाबाई. चौदा वर्षांपूर्वी गावसभेने हात वर करून तिला निवडलं होतं. घर बौद्ध वस्तीत, विहाराला लागून. सुरुवातीला वरच्या आळीतल्या बाया तिला ओसरीच्या पायरीवरून बोलायच्या, गोळ्या दुरून झेलायच्या. आता त्याच घरांत कळा सुरू झाल्या की आधी तानाबाईला बोलावणं जायचं, मग नवऱ्याला कळायचं. खांद्यावरची ती निळी पिशवी नसती, तर ती कोणाच्या माजघरात गेली नसती. हे ती जाणून होती. पिशवी फाटली की स्वतः टाके घालायची, नवी मागायची नाही.

पाहणीचा दिवस सरांनी फार विचार करून काढला. भाद्रपदात निंदणाचे दिवस, बाया घरी सापडत नाहीत. शिवाय सरांच्या आईने, अनुसयाबाईंनी, सांगितलं की एवढं मोठं काम, ते गणपतीच्या दिवशीच सुरू कर. ठरलं. त्या साली गणेशचतुर्थी रविवारी आली होती. सुट्टीही, मुहूर्तही. सकाळी सरांच्या हिंगणघाटच्या घरी फॉर्मच्या गठ्ठ्यावर हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला आणि जीप बोरखेड्याला आली.

साठ घरं, साठ बाया. फॉर्ममधला तिसरा प्रश्न असा होता: काल सूर्योदयापासून आज सूर्योदयापर्यंत, चोवीस तासांत, काय खाल्लं?

पहिल्याच घरी वच्छलाबाई म्हणाली, "काई नाई."

"पाणी किती प्यालात?"

"पाणी बी नाई."

"झोप?"

"झोप कुठची बाई! रातभर फुगड्या खेळलो, गाणे म्हटले. आताच नाल्यात गौर शिरवून आली." माझ्याकडे बघून ती हसली. "तुमचे डोये बी लालच दिसून राह्यले सिस्टर."

लाल असणारच. आदल्या दिवशी हरतालका. निर्जळी उपास आणि रात्रभर जागरण करून मीही आलेच होते. मी सरांकडे गेले. सर जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरून गावाला रंग देत होते.

"सर, काल—"

"कालचंच विचारायचं सिस्टर. परवाचं नको. लोकांना परवाचं आठवत नाही, चुका होतात."

"तसं नाही सर. बाया म्हणतात—"

"बाया म्हणतात ते रकान्यात लिहा. आपलं मत घालू नका. रकाना नाही तिथे काही लिहायचं नाही. संशोधन आहे हे."

बरं म्हटलं. पण प्रत्येक फॉर्मच्या कडेला मी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहीत गेले: हरतालका. एक्केचाळीस फॉर्मवर लिहिलं. उरलेल्या एकोणीस बाया बौद्ध वस्तीतल्या. त्यांना कसला उपास! त्यांनी भाकरी, वरण, बरबटीची भाजी असं दोन वेळा जेवल्याचं सांगितलं आणि त्या रात्री छान झोपल्या होत्या.

पुढे ते फॉर्म नागपूरला संगणकावर चढवायला गेले. संगणकात कडेसाठी जागा नव्हती.

वर्ष गेलं. मी वाट पाहिली. मधुकरराव सरांनी कच्चा मसुदा तीनदा वाचला. पाचही डॉक्टरांनी गोलात बसून त्यावर चर्चा केली. त्या पाचांपैकी चौघांच्या घरी हरतालकेची वाळूची महादेवाची पिंड होते, हे मला माहीत होतं, कारण त्यांच्या बायकांनी मला हळदकुंकवाला बोलावलेलं होतं. एवढी शिकलेली माणसं, कोणाच्या तरी लक्षात येईल असं मला वाटत राहिलं. इतका विश्वास मी देवावरही बेताने ठेवते.

पुढल्या साली अधिक श्रावणात सरांनी मला खोलीत बोलावलं. शनिवारी सभागृहात खुलं सादरीकरण होतं. भिंतीवर बोरखेड्याच्या वरच्या आळीचं कमळ लावलेलं. अन्न शून्य. पाणी शून्य. झोप शून्य. अध्यात्म पाच.

"बघितलंत?" सरांचे डोळे चमकत होते. "उपाशी, तहानलेली, झोप उडालेली स्त्री शेवटी देवाकडे वळते. जितकी भूक जास्त, तितकं अध्यात्म जास्त. अशी मांडणी कोणी केलेली नाही अजून."

नसणारच केली.

"आणि हे बघा. वरची आळी उपाशी, बौद्ध वस्ती पोटभर जेवलेली. कारण? गावात वाटायला ट्रस्ट पाठवतो त्या सत्तूच्या पिठाच्या थैल्या कोणाच्या घरी उतरतात? तानाबाईच्या. तिने सगळं आपल्याच वस्तीत जिरवलं."

"सर, तानाबाई तशी नाही."

"आकडे खोटं बोलत नाहीत सिस्टर." त्यांनी लिफाफा पुढे केला. "व्यवस्था बदलायची तर सुरुवात कुठून तरी करावी लागते. हे तिला रविवारी देऊन टाका. पिशवी आणि वजनकाटा जमा करून घ्या. तिच्या जागी आपण सर्वांगीण मित्र नेमू. बारावी पास."

लिफाफा माझ्या पर्समध्ये दोन दिवस होता. पर्स देवघराच्या खोलीत ठेवायची माझी सवय. ते दोन दिवस बाहेरच्या खुंटीला टांगली.

शनिवारी सभागृह भरलं. पुढच्या रांगेत अनुसयाबाई, शेजारी सरांची बायको रीता, जरीची साडी, मांडीवर पेढ्यांचा डबा. मधुकरराव सरांनी प्रस्तावना केली. गजेंद्र सरांनी सगळ्यांना आधी डोळे मिटायला लावले. मग कमळ दाखवलं. अन्न शून्यावर लोक हळहळले. एका पाहुण्याने चष्मा काढून डोळे पुसले. खरंच पुसले. एवढ्या भुकेल्या गावाबद्दल इतकी चांगली स्लाइड त्यांनी कधी पाहिली नसावी.

"प्रश्न?" मधुकरराव सर म्हणाले.

माझा आवाज मुळात लहान. उभी राहिले तर मागचे ओरडले, "मोठ्याने बोला." मी तेवढ्याच आवाजात बोलले, म्हणून सगळे गप्प झाले.

"सर, पाहणी गणेशचतुर्थीच्या दिवशी झाली ना?"

"हो. शुभ दिवस बघून." सर हसले. लोकही हसले.

"मग आदल्या दिवशी तुमच्या घरी चोवीस तासांत कोणी काय खाल्लं?"

"माझ्या घरी? त्याचा काय संबंध?"

उत्तर पुढच्या रांगेतून आलं. रीता पेढ्यांचा डबा सावरत सहज म्हणाली, "आमच्या घरी? मी अन् आत्याबाईंनी तं पाणी बी नव्हतं घेतलं. हरतालका होती ना! यांनीच तेवढं दोन वेळा जेवलं. ते बी हॉटेलातून आणून."

कुठेतरी एक बाई खुदकन हसली. मग सगळ्या बाया हसल्या. पुरुषांना थोडा वेळ लागला. अनुसयाबाईंनी पदराचं टोक तोंडाशी नेलं. त्या हसत होत्या की रडत, ते मला दिसलं नाही.

मधुकरराव सर घसा खाकरून म्हणाले, "महत्त्वाचा मुद्दा आहे. सांस्कृतिक घटक. गजेंद्र, हे आपण 'अभ्यासाच्या मर्यादा' या शीर्षकाखाली घेऊ. एक परिच्छेद पुरे."

"आणि हे कोणत्या शीर्षकाखाली घ्यायचं?" मी पर्समधून लिफाफा काढला. "तानाबाईला काढल्याचं पत्र आहे. उद्या द्यायचं आहे. तिने सत्तू चोरला, असं आत लिहिलंय. त्या एकोणीस बाया जेवल्या, कारण त्यांच्यात हरतालका करत नाहीत. एवढाच तिचा गुन्हा."

सरांनी माझ्याकडे, मग लिफाफ्याकडे पाहिलं. खाली येऊन त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, दोनदा घडी घालून खिशात टाकला आणि हळू म्हणाले, "तुम्ही आधी सांगायला हवं होतं सिस्टर."

"फॉर्मच्या कडेला लिहिलं होतं सर. एक्केचाळीस वेळा."

पेढे वाटलेच. प्रबंधही पुढच्या हिवाळ्यात मान्य झाला. गजेंद्र सर आता दोनदा डॉक्टर आहेत, पाहुण्यांना कमळ समजावतात. हरतालका दोनशे बाराव्या पानावर आहे, चार ओळींत. व्यवस्था कोणती बदलली म्हणाल, तर फॉर्मला कडा ठेवणं बंद झालं. अक्षरं आता पार काठापर्यंत छापतात.

रविवारी मी बोरखेड्याला गेले, पत्र न घेता. पोरांच्या वजनाचा दिवस होता. बातमी माझ्याआधी पोचली होती. तानाबाई निंबाच्या फांदीला काटा अडकवत होती. पाठमोरी राहूनच तिने विचारलं, "सिस्टर, त्या दिवशी तुमालेच उपास होता. तुमाले तं पह्यल्याच दिवशी मालूम होतं."

"हो."

"मंग सालभर काऊन नाई बोलल्या?"

कोणालातरी कळेल असं वाटलं होतं, हे सांगायची लाज वाटली. म्हणून दुसरं खरं सांगितलं. "चातुर्मासात नेम धरला होता गं. कोणाची निंदा करायची नाही."

ती वळली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने मला नीट न्याहाळलं, एखाद्या पोराचं वजन नजरेनेच करावं तसं.

"वा सिस्टर. चोट्टी मी झाली असती, अन् नेम तुमचा राह्यला असता."

कार्तिकात नेम सुटला होता, त्यानंतरचे आठ महिने कोणत्या नेमात गेले, ते मला सांगता आलं नसतं. त्या सभागृहातल्या पाच डॉक्टरांकडे मी ज्या नजरेने पाहत होते, तीच नजर निंबाखाली माझ्याकडे लागली होती. आणि ती योग्य होती.

वच्छलाबाईची सून लेकराला घेऊन आली. तानाबाईने पिशवीतून वही काढली, पिशवी पुन्हा खांद्यावर घेतली आणि लेकरू माझ्या हातात दिलं.

"धरा. झोळीत नीट बसवा, रडते ते." मग पेन्सिल कानामागून काढत म्हणाली, "अन् पुढल्या साली गोड सोडजा. निंदा करत जा थोडी थोडी."

पुढल्या आषाढी एकादशीला मी गोड सोडलं.