द्वारकाबाईचा कान

द्वारकाबाईने सव्वीस वर्षं पिठाची गिरणी चालवली. चालवली म्हणजे नुसती डब्यांच्या रांगेवर हुकूम सोडत बसली नाही. पट्टा तीच चढवायची, दगडाला टाकी तीच लावायची, आणि मोटारीवर तळवा ठेवून अजून किती दळण निघेल ते सांगायची. "यंत्र आधी बोलतं, मंग बिघडतं," हे तिचं ठरलेलं वाक्य. गुडघे गेले तेव्हा गिरणी विकली, पण कान काही तिने विकला नाही.

म्हणून शिरड शहापूरच्या अलीकडे, शेतातल्या त्यांच्या घरात सुनेचा कॉम्प्युटर अडकायला लागला, तेव्हा सगळं घर पडद्याकडे बघायचं आणि एकटी द्वारकाबाई खालच्या डब्याला कान लावून असायची.

सून राजनंदिनी. पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जायच्या त्या जुन्या दगडी बारवांवर ती पाच वर्षांपासून पीएच.डी. करत होती. स्वयंपाक, धुणं आणि दोन म्हशी यांतून वेळ काढून तिने जिल्ह्यातल्या त्रेसष्ट बारवा टेप लावून मोजल्या. टेपचं दुसरं टोक बहुतेक वेळा सासूच्याच हातात असायचं. त्यातल्या अकरा बारवा आता राहिल्या नाहीत. कुठे मुरूम टाकून बुजवली, कुठे वर सभामंडप उभा राहिला. त्या अकरांचे फोटो आणि मापं फक्त या डब्यातल्या हार्ड डिस्कवर होती, आणि प्रबंध नऊ दिवसांनी विद्यापीठात द्यायचा होता.

दुसरी प्रत नव्हती का? होती की. पेन ड्राइव्हवर होती. तो पेन ड्राइव्ह द्वारकाबाईच्या पोराने, बालाजीने, होळीच्या दिवशी पुसून साफ केला, त्यात दोनशे गाणी भरली आणि ट्रॅक्टरच्या टेपला लावला. आमच्याकडे एक वेळ डिझेलवाचून ट्रॅक्टर चालेल, गाण्यावाचून चालणार नाही. "मला वाटलं रिकामाच हाय," एवढंच तो म्हणाला. नवा आणायचं हळदीच्या धांदलीत राहून गेलं. राजनंदिनी चार दिवस नवऱ्याशी बोलली नाही. द्वारकाबाईने त्या चारही दिवशी त्याला शिळी भाकरी वाढली, तीही मोजून.

वसमतला दिपकचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. महाशिवरात्रीपासून त्याने तीनदा हा डबा मोटारसायकलच्या कॅरिअरला बांधून नेला होता. दुकानात दोन-दोन दिवस सुरळीत चालायचा, घरी आला की पुन्हा तेच. बाण जागच्या जागी थांबायचा, कीबोर्ड दाबून बोटं दुखायची. दिपकने रॅम काढून पुसली, पंख्यातली हळदीची धूळ झटकली, केबल बदलली. द्वारकाबाईच्या नवऱ्याने, ग्यानबाने, आपल्या परीने त्याला लिंबू-मिरची बांधली. गुण कशाचाच आला नाही.

मंगळवारी सकाळी डब्यातून नवाच आवाज आला. टिक, टिक, मग थोडं थांबून पुन्हा टिक. द्वारकाबाईने हातातली परात खाली ठेवली.

"राजी, दिपकला फोन लाव. हे आता बोलून राहिलं."

दिपकने फोनवर तो आवाज ऐकला आणि पहिल्यांदाच त्याचा सूर उतरला. "वहिनी, डबा हलवू नका. बंद तर बिलकुल करू नका. हार्ड डिस्क जायच्या बेतात हाय, बंद केली तर परत उठंल का न्हाई, भरवसा न्हाई. मी नवीन डिस्क घेऊन येतो, हितंच बसून सगळं उतरवून घेऊ."

दहाच्या सुमारास तो आला. नवी डिस्क जोडली, बारवांचा अख्खा फोल्डर धरला आणि प्रत काढायला लावली. पडद्यावर हिरवी पट्टी सरकायला लागली. चार टक्के झाले, पाच झाले, आणि पट्टी थांबली. टिक, टिक. दिपक नखं खात बसला. राजनंदिनी पडद्यावरून नजर काढेना. पोरीचा जीव त्या पट्टीत अडकलाय हे द्वारकाबाईला दिसत होतं, आणि तिला त्या डब्याचा असा राग आला की गिरणीच्या दिवसांत एक रट्टा हाणला असता.

वीस मिनिटांनी पट्टी आपोआप सरकली. सहा, सात, आठ, भराभर. राजनंदिनीने श्वास सोडला. तेवढ्यात पुन्हा थांबली.

द्वारकाबाईने डोळे मिटले. भिंतीपलीकडे पडवीत हळदीचा ड्रम फिरत होता. वाळलेली हळकुंडं त्यात टाकून घोळली की साल निघते आणि हळद चकचकीत होते. मोसमात घरोघरी हा खडखडाट चालतो, म्हणून तो कुणाला ऐकू येत नाही. द्वारकाबाईलाही आला नव्हता. तिचा कान सहा हप्ते डब्याकडे होता, भिंतीकडे कधी गेलाच नाही. याची तिला मनातल्या मनात लाज वाटली, पण लाजत बसायला वेळ कुठे होता?

मघाशी पट्टी सरकली तेव्हा ड्रम बंद होता. बालाजी तो रिकामा करून नवा घाणा भरत होता.

तिने उठून कॉम्प्युटरखालच्या फरशीवर तळवा ठेवला. काळ्या कडप्प्याची ती फरशी भिंतीत रोवलेली होती. तळव्याला मुंग्या आल्या.

"राजी, हे कवा कवा अडकलं ते तू लिहून ठिवलं असशीलच. तुला सोडवत न्हाई लिहिल्याशिवाय."

राजनंदिनीने वही काढली. तारीख, वार, वेळ, सगळं होतं. द्वारकाबाईला वाचायचा चष्मा सापडेना, म्हणून सुनेने वाचलं आणि सासूने दाराकडे बघितलं. दाराच्या फळीवर ग्यानबाने खडूने शेतीच्या लायटीची पाळी लिहिली होती. एक हप्ता दिवसा, एक हप्ता रात्री. ड्रमही याच लायटीवर फिरायचा. ज्या हप्त्यात दिवसाची पाळी, त्या हप्त्यात डबा रोज अडकलेला. ज्या हप्त्यात रात्रीची, त्या हप्त्यात राजनंदिनीने दिवसभर बसून दोन प्रकरणं लिहिलेली. आणि महाशिवरात्रीच्या आधी एकही नोंद नव्हती, कारण ग्यानबाने ड्रमचे लोखंडी पाय या भिंतीत बोल्ट मारून बसवले ते महाशिवरात्रीलाच.

"डबा बराबर हाय," द्वारकाबाई म्हणाली. "आपलं घर हलतंय. सहा हप्ते त्याला कुणी धड बसून काम करू दिलं न्हाई, आन् वरून कॅरिअरला बांधून खड्ड्याखड्ड्यानं वसमत दाखवलं. नवीन सुनेला असं वागवलं असतं तर ती केव्हाच माहेरी गेली असती."

दिपकने कडप्प्यावर बोटं टेकवली आणि मान खाली घातली. "काकू, डिस्कमध्ये सुई असती. वाचताना तिला धक्का चालत न्हाई. मला सुचायला पायजे व्हतं."

"सुचलं न्हाई ते मलाबी. जाऊ दे. ड्रम बंद राहिला तर किती वेळ लागंल?"

"तीन घंटे. मधात धक्का बसला न्हाई तर. एक जरी बसला, तर मी सांगू शकत न्हाई."

द्वारकाबाई पडवीत गेली. ग्यानबा पिवळ्याधमक धुळीत उभा होता, भुवयासुद्धा पिवळ्या. उद्या वसमतच्या बाजाराला टेम्पो ठरला होता आणि चारला लाईट जाणार होती. बंद कर म्हटल्यावर तो उखडला.

"त्या खोक्यापायी? लाईट काय माझ्या सासऱ्याची हाय का, पायजे तवा यायला? हळद डल राहिली तर बाजारात कोण बघंल तिच्याकडं?"

"हळद उद्याबी पिवळीच राहील," द्वारकाबाई म्हणाली. "अकरा बारवा बुजल्या, त्या तुमी परत खांदून देता का? देत असाल तर चालू द्या ड्रम."

ग्यानबाने बायकोकडे पाहिलं. दगडाला टाकी लावताना तिचा चेहरा असाच व्हायचा, आणि त्या वेळी तिच्याशी बोलायचं नसतं हे तो लग्नापासून शिकला होता. त्याने स्टार्टरचं लाल बटण दाबलं. ड्रम घरघरत थांबला. पुटपुटत तो पाणी प्यायला गेला.

द्वारकाबाई मात्र लगेच आत आली नाही. जरा वेळाने आली, पदराची गाठ मारत, आणि सुनेच्या शेजारी पाटावर बसली.

पट्टी सरकत राहिली. वीस टक्के, पस्तीस, पन्नास. मधेमधे टिक व्हायची, थांबायची, पुन्हा चालायची. बालाजी चहा घेऊन आला आणि बायकोच्या हाताशी कप ठेवून दाराशी बसला. ग्यानबाही येऊन टेकला. साठ टक्क्यांवर फोटोंची नावं दिसायला लागली, तसं राजनंदिनी हळूच म्हणाली, "आत्याबाई, ही तीच. तुमी टेप धरून शेवटच्या पायरीवर गेलता आन् वर यायला गुडघा उठंना." सासू म्हणाली, "व्हय, अन् तू फोटो काढत बसलीस, हात द्यायचा सोडून." दोघी हसल्या. सकाळपासून पहिल्यांदाच.

त्र्याऐंशी टक्क्यांवर पडवीतला बल्ब विझला, शेतीची लाईट गेली. घरातला पंखा चालूच होता, कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर होता, म्हणून कुणाला काळजी नव्हती. फक्त ग्यानबाचा चेहरा उतरला.

"काय झालं, बापू?" बालाजीने विचारलं.

"ऑटो," ग्यानबा म्हणाला. "ऑटो चालूच राहिला वाटतं."

ड्रमला लावलेला स्टार्टर विहिरीवरून काढून आणलेला होता, आणि विहिरीवरच्या प्रत्येक स्टार्टरला असते तशी त्याला ऑटोची डबी होती. लाईट आली की मोटार आपोआप चालू होते, अंधारात शेतावर जावं लागत नाही. तीस वर्षं लायटीची वाट बघितलेल्या माणसाचा हात लाल बटण दाबल्यावर सवयीने त्या डबीकडे जातो आणि ती चालू करूनच परत येतो. त्याचंच त्याला कळत नाही.

ग्यानबा उठून धावला. पडवीच्या उंबऱ्यापर्यंत पोचला नाही तोच बल्ब पेटला, लाईट आली. दिपकने दोन्ही हात डोक्याला लावले. राजनंदिनीने डोळे घट्ट मिटून सासूचा हात धरला.

काहीच झालं नाही. ना स्टार्टरचा खटका, ना ड्रमची घरघर. पट्टी चौऱ्याऐंशीवर गेली.

ग्यानबा घाम पुसत परत आला. "ऑटो चालूच व्हता. मोटार काहून उचलली न्हाई? जळाली का काय?"

द्वारकाबाईने मांडीवर पदर ओढला आणि गाठ सोडली. आत चिनीमातीचे तीन पांढरे फ्यूज होते.

"बत्तीस वर्षं संसार केला," ती म्हणाली. "तुमचा हात मला ठाव न्हाई का? तुमी पाणी प्यायला गेलता तवाच मेन पाडून काढून आणले."

बालाजी हसायला लागला. बापाने त्याच्याकडे बघितलं, तसा गप्प झाला. ग्यानबा दाराशी उभा राहिला. त्याला राग आला होता आणि बरंही वाटलं होतं, आणि दोन्ही एकदम लपवणं काही त्याला जमत नव्हतं.

दीड वाजता पट्टी भरली. दिपकने नवी डिस्क स्वतःच्या लॅपटॉपला लावून सगळे फोटो उघडून बघितले, अकराच्या अकरा बारवा मोजल्या, प्रबंधाचं शेवटचं पान दाखवलं. मग "आता बघू" म्हणून डबा बंद केला आणि पुन्हा चालू केला. टिक. टिक. टिक. पडदा काळाच राहिला. त्याने दोनदा करून बघितलं. जुनी डिस्क गेली ती गेली.

तीन घंट्यांपूर्वी हे झालं असतं तर काय, हे प्रत्येकाच्या मनात आलं. राजनंदिनी सासूच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, आणि द्वारकाबाईने तिला रडू दिलं. पाच वर्षांचं होतं ते, पटकन संपणार नव्हतं.

मग ग्यानबाने हात पुढे केला. "आण आता ते. अडीच घंटे लाईट हाय अजून."

द्वारकाबाईने दोन फ्यूज त्याच्या हातावर ठेवले. तिसरा सुनेच्या मुठीत दिला.

"हा राजीपाशी राहील. ड्रमाचे बोल्ट भिंतीतून निघाले, त्याचे पाय जमिनीवर टायरच्या तुकड्यावर बसले, की तिला मागा. देईल ती."

ग्यानबा हातातल्या दोन फ्यूजकडे बघत राहिला. दोन फ्यूजवर थ्री फेजची मोटार फिरत नाही, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. तो पाना आणायला गेला. बालाजी जुना टायर कापायला मागोमाग गेला. भिंतीतून बोल्ट सुटल्याचे आवाज येत राहिले, आणि दिपक उरलेल्या डब्यात नवी डिस्क बसवत राहिला.

अडीचला ग्यानबा दारात आला. कपाळावर हळद आणि ग्रीस एकात एक मिसळलेलं. राजनंदिनी कडप्प्यासमोर बसून टाइप करत होती. सहा हप्ते रोज ड्रम सुरू करताना त्याने या खोलीत एकदाही डोकावून बघितलं नव्हतं.

"राजनंदिनी," तो म्हणाला, "तुझं चालू हाय न्हवं काही महत्त्वाचं? झालं असंल तर सुरू करू का?"

राजनंदिनीने तळवा कडप्प्यावर ठेवून पाहिला, जसा सासूने ठेवला होता. मग मुठीतला फ्यूज सासऱ्याच्या हातावर ठेवला.

"करा, मामा," ती म्हणाली. "ऑटो तेवढा बंद ठिवा."