साबणाच्या डबीतला पराक्रम

ऑफिसात त्यांना सगळे साहेब म्हणत. घरी कुणी म्हणत नसे, तरी आपण म्हणू. कुणीतरी मान ठेवायला हवा. साहेब एका विमा कंपनीत दावे तपासायच्या खात्याचे प्रमुख होते. तपासायचे म्हणजे नाकारायचे. एकदा एका माणसाच्या अर्जावर डावा गुडघा आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवर उजवा गुडघा निघाला. साहेबांनी तो दावा तिथल्या तिथे फेटाळला. "ज्याला स्वतःचं डावं-उजवं कळत नाही, त्याचं आपण काय भलं करणार?" असं ते तेव्हा म्हणाले होते आणि खात्यातल्या लोकांना ते वाक्य पाठ करावं लागलं होतं.

अशा माणसाचा पार कचरा करू शकेल अशी जगात एकच व्यक्ती होती, ती म्हणजे त्यांची ताई. ताई लोकांना गाडी चालवायला शिकवायची. क्लच आणि ब्रेक यांतला फरक समजावण्यात तिची हयात गेल्यामुळे, समोरच्याला काहीच येत नाही असं धरूनच ती बोलायला सुरुवात करी. लहानपणी त्यांच्याकडे टीव्हीला जोडायचा खेळाचा एक डबा होता आणि त्याला एक काळी जॉयस्टिक. त्यावर होडीचा खेळ चालायचा. नदीतून होडी हाकायची, खडक चुकवायचे, ओंडका आडवा आला की लाल बटण दाबून तो उडवायचा. ताई जिंकायची. भाऊ बुडाला की ती जाहीर करायची, "तो लिंबूटिंबू आहे, त्याला आउट नाही," आणि त्याला आणखी एक डाव द्यायची. आउट न होण्यासारखा दुसरा अपमान नसतो. तुम्हाला कुणी मोजतच नाही.

लहानपणीचं तिथेच राहिलं असतं तर ठीक होतं. पण साहेबांच्या मुलीच्या लग्नात ताईने व्याह्यांशी ओळख करून देताना "हा आमचा लिंबूटिंबू" म्हणून त्यांच्या पाठीवर थाप मारली. व्याही विनोदी स्वभावाचे होते, म्हणजे दुसऱ्याने केलेला विनोद ते वर्षभर पुरवून वापरत. तेव्हापासून त्यांचा फोन आला की आधी "काय लिंबूटिंबू" आणि मग काम. साहेबांना ते फार लागलं. हे नाव पुसायचं तर ताईला तिच्याच खेळात, व्याह्यांच्या डोळ्यांदेखत हरवायचं, एवढा एकच मार्ग त्यांना दिसत होता.

खेळाचा डबा केव्हाच भंगारात गेला होता. तोच खेळ आता कॉम्प्युटरवर मिळत होता आणि जॉयस्टिक माळ्यावरच्या पेटीत शाबूत होती. अडचण एवढीच की जॉयस्टिकच्या वायरीला नऊ भोकांचं रुंद तोंड आणि कॉम्प्युटरला यूएसबीची चपटी खाच. दोघांची सोयरीक जुळवणारा अडॅप्टर कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तयार मिळत होता. दुकानदाराने तो काढून समोर ठेवलासुद्धा.

"तयार नको," साहेब म्हणाले. "मी स्वतः बनवणार आहे."

दुकानदाराने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं, सुटं सामान बांधून दिलं आणि भाजल्यावर लावायचं मलम शेजारच्या दुकानात मिळेल असं सांगितलं.

साहेबांनी जेवायच्या टेबलावर पसारा मांडला. बोटाएवढं सर्किट बोर्ड, सोल्डरिंग आयर्न, कथलाच्या तारेचं वेटोळं, मल्टिमीटर. बोर्डात भरायचा प्रोग्रॅम त्यांनी इंटरनेटवरून जसाच्या तसा उतरवून घेतला होता. त्यातलं एक अक्षरही वाचण्याची तसदी घेतली नव्हती.

"अहो, ताटं कुठे मांडू?" बायकोने विचारलं.

"दिसत नाही का, काम चाललंय."

"काम होय? मला वाटलं काहीतरी जळतंय."

जळत होता तो टेबलावरचा मेणकापडाचा तुकडा. पण कुठल्याही मोठ्या कार्यात थोडं नुकसान व्हायचंच.

काम तसं सोपं होतं. जॉयस्टिकच्या पोटात चार दिशांच्या चार पत्र्याच्या टिकल्या असतात आणि बटणाची एक. दांडा झुकेल त्या बाजूची टिकली दाबली जाते आणि तिच्या तारेतून बोर्डाला निरोप जातो. कुठली तार कुठल्या दिशेची हे ओळखायचं आणि ती बोर्डावर आपापल्या जागी डकवायची. साहेबांनी जॉयस्टिक पालथी घातली, तळाचे स्क्रू काढले, मल्टिमीटर लावून एकेक टिकली तपासली. ही वरची, ही खालची, डावीची तार हिरवी, उजवीची तपकिरी. सगळं अगदी चोख. पालथ्या वस्तूची डावी बाजू उजवीकडे येते हे कुठलंही शेंबडं पोर सांगेल, पण साहेबांना सांगायला तिथे शेंबडं पोर नव्हतं.

जोडून झाल्यावर आधी चालवून बघावं, असा किरकोळ विचार त्यांना शिवला नाही. त्यांनी बोर्ड साबणाच्या रिकाम्या डबीत ठेवलं आणि दोन नळ्यांतला ऐवज एकत्र कालवून बनवायचा पक्का डिंक डबीत काठोकाठ ओतला. विमानांत असंच करतात, असं त्यांनी बायकोला सांगितलं. सकाळपर्यंत डबीचा दगड झाला. मग साहेबांनी ती ऐटीत कॉम्प्युटरला जोडली, खेळ सुरू केला आणि दांडा डावीकडे झुकवला. होडी उजवीकडे गेली आणि खडकावर आपटून बुडाली.

"उलटी चालतेय का हो?" बायकोने मागून विचारलं.

"जुने खेळ असेच असायचे."

"तुम्ही तर म्हणाला होतात..."

"असेच असायचे."

साहेबांनी डबी फोडायचा प्रयत्न केला नाही असं नाही. स्क्रूड्रायव्हरची मूठ तुटली. इतकं मजबूत काम त्यांच्या हातून आयुष्यात दुसरं झालं नव्हतं. तयार अडॅप्टर आणायचा तर त्या दुकानदाराचं तोंड पाहावं लागणार. मग उरलं काय? साहेब उलटंच खेळायला शिकले. ऑफिसातून आले की बूट न काढता ते जॉयस्टिकला जाऊन बसत. आधी बुडत, मग रडतखडत तरत, मग हळूहळू होडी वळणं घेऊ लागली. डोक्याने नाद सोडला आणि हाताने धरला. ऑफिसला जाताना गाडीचा डावा दिवा लावून ते उजवीकडे वळू लागले आणि मागच्यांच्या शिव्या खाऊ लागले, पण खेळातले खडक त्यांनी एकामागून एक मागे टाकले. ते खरोखर छान खेळू लागले होते, हे मान्य करायला हवं.

आणि मग एक दिवस दाढी करताना त्यांच्या लक्षात आलं, की ताईसुद्धा याच जॉयस्टिकवर बसणार. जॉयस्टिक एकच, डाव आळीपाळीने. तिला ही भानगड माहीत नाही. ती डावीकडे वळवणार आणि होडी उजवीकडे जाणार. सगळ्यांना गाडी वळवायला शिकवणारी ताई व्याह्यांसमोर पहिल्याच खडकावर आपटणार. आरशातले साहेब हसले. पाठोपाठ त्यांना थोडी लाजही वाटली. पण पुरेशा कागदपत्रांअभावी त्यांनी ती फेटाळून लावली.

जेवण आणि सामना ठरला होता त्या रविवारी ताई सकाळीच आली. बायकोने साहेबांना आइस्क्रीम आणायला पिटाळलं. ते परतले तोवर व्याहीही येऊन सोफ्यावर पसरले होते. जेवणं झाली, साहेबांनी साबणाची डबी सगळ्यांना हातात देऊन दाखवली. व्याह्यांनी ती हातात तोलून पाहिली आणि "कपडे छान निघतील" असा अभिप्राय दिला.

"आधी तू बस," साहेब ताईला म्हणाले. "मोठी आहेस."

ताईने पदर खोचला आणि दांडा धरला. पहिलं वळण डावीकडचं होतं. ताईने दांडा डावीकडे झुकवला आणि होडी डावीकडे वळली. साहेब खुर्चीत पुढे सरकले. दुसरं वळण उजवीकडचं, होडीही उजवीकडे. साहेबांनी डबीकडे पाहिलं. डबी दगडासारखीच होती. ही सरळ कशी चालते, असं ओरडून विचारावं असं त्यांना फार वाटलं. पण तसं विचारायचं तर आधी ती कशी चालत होती ते सांगावं लागलं असतं. ताईने लांबचा पल्ला मारला आणि शेवटी एका ओंडक्याला धडकून थांबली.

मग साहेब बसले. सरळ, सरळ, सगळं सरळ आहे, असं ते स्वतःला बजावत होते. डोक्याला पटत होतं, हाताला पटत नव्हतं. पहिल्याच वळणावर त्यांच्या शहाण्या, मेहनती, तयार हाताने दांडा उलटीकडे झुकवला आणि होडी बुडाली. दुसरी होडी तिथेच बुडाली. तिसरी तर काठावरच आपटली.

"लिंबूटिंबूंना आणखी एक डाव द्या हो," व्याही पोट धरून म्हणाले.

बायको हसली नाही. ती आळीपाळीने स्क्रीनकडे आणि ताईकडे पाहत होती.

साहेब आइस्क्रीमच्या वाट्या गोळा करून स्वयंपाकघरात गेले. ताई आधीच तिथे उभी राहून भांडी विसळत होती. तिने दार ओढून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"तू बाहेर गेलास ना सकाळी, तेव्हा मी जरा हात फिरवून पाहिला. डावं-उजवं उलटं जोडलंयस तू. म्हटलं, पोराने एवढी मेहनत केलीय, चार माणसांत शोभा नको. खेळाच्या खालच्या कोपऱ्यात सेटिंग असं लिहिलंय बघ, तिथे जाऊन अदलाबदल करून टाकली. वहिनीलासुद्धा बोलले नाही."

सेटिंग हा शब्द साहेबांनी रोज पाहिला होता. होडीच्या अगदी खालीच तो असायचा.

"पण सरळ करून दिलं तरी बुडालास कसा तू?" ताईने विचारलं.

इथेही काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. चष्मा, पाठदुखी, जेवण जड झालं. साहेबांना कारणं नाकारायची सवय होती, म्हणून असेल, एकही टिकण्यासारखं वाटेना.

"मला माहीत होतं ते उलटं आहे," ते म्हणाले. "मी उलट्यावरच हात बसवला होता."

ताई खो खो हसली. मग हसता हसता थांबली. वाटी तिच्या हातात तशीच राहिली. "म्हणजे मी बसणार होते, तेव्हाही ते उलटंच असणार होतं."

"हो."

"आणि मी बुडणार होते. तुझ्या व्याह्यांसमोर."

"हो, ताई."

नळ वाहत राहिला. साहेबांना शरम वाटली, आणि या खेपेला सगळी कागदपत्रं जोडलेली होती. ताई तीच वाटी पुन्हा पुन्हा विसळत राहिली. तेवढ्यात बाहेरून व्याह्यांची हाक आली, "अहो लिंबूटिंबू, दुसरा डाव कधी?"

ताईने नळ बंद केला आणि दार उघडलं. "तसं नका म्हणू त्याला," ती बाहेर बघून म्हणाली. "लिंबूटिंबू लबाडी करत नाही, त्याला गरजच नसते. हा चांगला मोठा झालाय. आउट झालाय तो."

व्याह्यांना काही कळलं नाही, तरी ते हसले. ताई वळली. तिचे डोळे ओले होते, ते हसण्याने की कशाने हे साहेबांना विचारवलं नाही. तिने हात पुसले, पदर सोडला आणि साबण लावलेली घासणी त्यांच्या हातात ठेवली.

"राज्य तुझ्यावर," ती म्हणाली आणि बाहेर जाऊन बसली.

साहेबांनी बाह्या वर केल्या. ओट्यावर सगळ्यांची ताटं पडली होती. शरम अजून गेली नव्हती, पण पहिलं ताट घासताना खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटत होतं.