फिरती ग्रामसभा

आमच्या गावात महिला ग्रामसभा भरत नाही, फिरते. माझ्या मोटारसायकलवर. मी ग्रामपंचायतीचा शिपाई. रजिस्टर घेऊन दारोदार जायचं, बायकांनी हातातलं काम टाकून सही करायची, कशावर ते कुणी विचारायचं नाही. बारा वर्षं हेच चाललं होतं आणि खरं सांगतो, मला त्याची कधी लाज वाटली नाही.

त्या दिवशी ठराव होता व्यायामाच्या साहित्याचा. सरकारी निधीतून सायकली, झोके आणि चालायला गोल ट्रॅक. जागा मारुतीच्या पारासमोर, म्हणजे सरपंचांच्या नावाचा उद्घाटनाचा फलक रस्त्यावरून दिसतो. संध्याकाळपर्यंत ठराव शेवगावला, तालुक्याच्या कचेरीत पोचवायचा होता.

मालनकाकूंच्या ओसरीवर रजिस्टर उघडलं, तर त्यांनी चष्मा लावला आणि चक्क वाचायला घेतलं.

"गोरक्ष, पारावर दिवसभर कोन बसतं?"

"गडीमाणसं."

"त्यांच्याफुडं तुझी आई चालंल का?"

आईला डॉक्टरांनी साखरेसाठी चालायला सांगितलेलं. गावात जागा नाही म्हणून ती पहाटे हायवेच्या कडेनं चालायची. दिवाळीनंतर तिला टेम्पोनं उडवलं. पाय वाचला, पण तेव्हापासून ती घराबाहेर पडली नव्हती. आणि या ठरावावर पहिली सही तिचीच होती. सकाळी चहा पिताना मीच घेतलेली, न वाचता.

मालनकाकू रजिस्टर मांडीवर घेऊन ठाण मांडून बसल्या. "आता सभा हितंच. बोलव समद्यांना."

मी आधी आईलाच मोटारसायकलवर बसवून आणलं. मग हमिदाचाची आल्या, बायडाबाई आल्या, ओसरी भरली. पारासमोरची जागा खोडली गेली आणि खाली लिहिलं, शाळेमागचं मैदान. तिथं पारावरच्या नजरा पोचत नाहीत. आईनं काठी भिंतीला लावून पुन्हा सही केली.

तेवढ्यात सरपंच काकासाहेबांचा फोन. "रजिस्टर कुठंय रं?"

"सभा चालू हाय, साहेब. संपल्याबिगर हलायचं न्हाई."

"तुला नोकरी करायची हाय ना?"

"करायचीय. तीच करतोय." फोन मीच ठेवला. ठराव संध्याकाळी शेवगावला गेला, बायकांनी लिहिला तसाच.

निधी यायचा तेव्हा येईल. मी थांबलो नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून फक्की मागून आणली आणि मैदानाच्या कडेनं पांढरी रेघ मारली. आई काठी टेकत त्या रेघेवरून निघाली, मागे मालनकाकू आणि बाकीच्या. अर्ध्यात तिला दम लागला. मी धरायला गेलो तर तिनं हात झटकला. फेरी पुरी करूनच ती माझ्यापुढं थांबली.

"बारा वर्सं सही नेलीस माझी. काय पायजे ते कदी इचारलं न्हाईस."

मला खूप लाज वाटली.

"आता रजिस्टर हितं आनायचं," ती म्हणाली. "आमी समद्या रोज सकाळी हितंच हाय."