बिनमिठाचा सॉस

म्हाताऱ्याचं मीठ बंद झालं आणि घरातली सगळी भांडणं एकदम तरुण झाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हृदय थकलंय, पायांवर सूज येतेय, मीठ वर्ज्य. आणि जेवणाच्या टेबलावरची ती काळी बाटली तर आधी घराबाहेर काढा, तिच्यात मिठाशिवाय आहे काय?

ती काळी बाटली सोया सॉसची. आता दुसऱ्या कुणाच्या घरातून सॉस गेला असता तर चार दिवस कुरकुर झाली असती आणि विषय मिटला असता. पण हा म्हातारा सॉसच्या कारखान्यात चाखणारा होता. उभी हयात त्याने पिंपात चमचा बुडवून जिभेवर धरण्यात घालवली. तिथे त्याला जीभसाहेब म्हणायचे. त्याने मान हलवली की पिंपातला माल बाटल्यांत भरायचा, त्याने थुंकलं की अख्खं पिंप गटारात. निवृत्त झाला तरी साहेबी काही सुटली नाही. तिकडे पिंपं होती, इकडे सून.

"तुझ्या हाताला चव नाही," हे तो तिला लग्न होऊन आल्यापासून ऐकवत होता. भात असो, अंडं असो, साधं भाज्यांचं सूप असो, आधी बाटली उलटी करायची, मग घास तोंडात. न चाखता! पोरीने तासभर उभं राहून काय शिजवलंय हे कळायच्या आतच त्याला काळं फासून मोकळा. सूनही काही गरीब गाय नव्हती म्हणा. सकाळभर चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या नाकावर फ्रेमा बसवायच्या आणि दुपारी घरी येऊन ह्याचं नाक सांभाळायचं, असा तिचा दिवस. म्हाताऱ्याबद्दल तुझ्या मनात माया आहे असं कुणी म्हटलं असतं, तर तिने हातातलं उलथनं फेकून मारलं असतं.

बाटली गेली आणि म्हाताऱ्याने जेवण टाकलं. "अळणी कैद्यांना घालतात. मी काय कुणाचा खून केलाय?" म्हणून ताट सरकवायचा. गाल बसले, विजार कमरेवर ठरेना. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर मिठाने जायचे ते उपासाने जातील. तिचा नवरा बस चालवायचा. भर गर्दीतून एवढं मोठं धूड रेटणारा माणूस, पण बापासमोर आला की गाडी बंद पडायची. "तूच काहीतरी बघ," म्हणाला आणि ड्यूटीवर निघून गेला. तूच बघ! ह्या घरात सगळं तिनेच बघायचं, आणि बघितलं की बाकीच्यांनी डोळे वटारायचे.

तर तिने बघितलं. पहिल्यांदा साखर करपवली, त्यात पाणी आणि व्हिनेगर घातलं आणि वाटी त्याच्यापुढे ठेवली. म्हाताऱ्याने वाटी तिरकी करून पाहिली. "पातळ आहे," म्हणाला आणि भिंतीकडे तोंड केलं.

मग तिने वाळकी मशरूम आणली, गरम पाण्यात भिजवली आणि ते पाणी निम्म्यावर आणलं. वास असा सुटला की शेजारची डोकावून गेली, आज काय मटण का म्हणून. म्हाताऱ्याने वाटीकडे नजर टाकली. "रंग मेलाय ह्याचा." झालं. तेही मोरीत गेलं.

तिसऱ्या वेळी ती इरेलाच पेटली. कांदा थेट जाळावर धरला, काळाठिक्कर होईपर्यंत. दोन टोमॅटो आटवून आटवून त्यांचा चिखल केला. त्यात मशरूमचं पाणी, ठेचलेला लसूण, मिरी, करपवलेली साखर आणि शेवटी व्हिनेगर. गाळलं, पुन्हा आटवलं, चमच्याच्या पाठीला चिकटेपर्यंत. आणि चाखलं. खारटपणाचं नाव नव्हतं, पण जिभेच्या मागच्या बाजूला काहीतरी भरीव रेंगाळत होतं. आता मीठ लागेल, आता लागेल असं वाटायचं आणि तोवर घास संपायचा. तिचं तिलाच नवल वाटलं. सोयाचा दाणा नाही, मिठाचा कण नाही, आणि तरी जेवण पुढे सरकत होतं.

म्हाताऱ्याने त्याला हातही लावला नाही. "सॉस वाटीतून वाढतात? भिकाऱ्याला वाढल्यासारखा?"

तेव्हा तिचं डोकं सटकलं. तिने रद्दीच्या पिशवीतून ती रिकामी काळी बाटली काढली, धुतली, आपलं रसायन तिच्यात भरलं, झाकण घट्ट लावलं आणि बाटली त्याच्या ताटाशेजारी आपटली. "डॉक्टर म्हणाले, थोडा चालेल."

म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला की बघवेना. बाटली उलटी केली, भात काळा केला, पहिला घास डोळे मिटून चघळला. "ह्याला म्हणतात सॉस! दीड वर्षं मुरलेला आहे. कळतं ना मला. तुला काय कळणार त्यातलं?" आणि दोनदा भात मागून घेतला.

ती स्वयंपाकघरात गेली आणि तोंडात पदर कोंबून हसली. मग हसता हसताच तिला संताप आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या माणसाच्या तोंडून तिच्या हातचं कौतुक निघालं होतं, आणि तेही कारखान्याच्या नावावर जमा झालं होतं.

पण म्हातारा जेवू लागला. पायांची सूज उतरली, चपलेत पाय जाऊ लागला. तिने कुणाला काही सांगितलं नाही. नवऱ्याला तर नाहीच, त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. आणि म्हाताऱ्याला कळलं असतं तर त्याने पुन्हा ताट सरकवलं असतं. एकदा घाईत व्हिनेगर दुप्पट पडलं, तिचे स्वतःचे दात आंबले. म्हाताऱ्याने त्या दिवशीही बोट चाटून "वा!" म्हटलं. तिच्या मनात जरा खुट्ट झालं, नाही असं नाही. पण दुधाचं पातेलं वर आलं होतं, ती तिकडे धावली.

मग एका रविवारी नणंद आली. ही म्हाताऱ्याची थोरली लेक, रेल्वेत तिकीट तपासनीस. सगळं जग विनातिकीट चाललंय अशी तिची पक्की खात्री, आणि भावजय तर कायमचीच. सगळे जेवायला बसले होते. ताईची नजर बाटलीवर गेली आणि तिने ती अशी उचलली, जशी कुणाची कॉलर धरावी.

"हे काय आहे?"

"सॉस," सून म्हणाली.

"डॉक्टरांनी बंद केलेला?"

सुनेने भाताचं पातेलं खाली ठेवलं. काय बोलायचं? खरं सांगावं तर म्हातारा ऐकतोय समोर बसून. "ताई, नंतर बोलू आपण. आत या जरा."

"आत कशाला? इथेच बोल. बाबांना मारायचं ठरवलंयस का? सुटका हवीय ना तुला त्यांच्यापासून?"

सुनेने म्हाताऱ्याकडे पाहिलं. आता हा तरी तोंड उघडेल, म्हणेल की डॉक्टरांनी परवानगी दिलीय, एवढंच तर म्हणायचं होतं. म्हाताऱ्याने चमचा खाली ठेवला, तोंड पुसलं आणि लेकीसमोर लहान पोरासारखा चेहरा केला. "मी नको नको म्हणत होतो गं. हीच ओतते माझ्या ताटात. म्हणते, खा, काही होत नाही."

घ्या! रोज दोनदा भात मागून खाणारा माणूस. सुनेच्या अंगाची लाहीलाही झाली, तरी तिने दात आवळून धरले.

"ताई, त्यांचे पाय बघा. सूज दिसतेय का कुठे?"

"पायांचं मला नको सांगूस! मी उद्याच बाबांना घेऊन जाते. आणि साऱ्या नातेवाइकांना कळू दे, ह्या घरात काय चाललंय ते."

नवऱ्याने ताटातला भात इकडून तिकडे केला. "अगं, निदान मला तरी विचारायचंस," तो बायकोला म्हणाला. म्हणजे हाही तिकडचाच. लग्नाचा नवरा, आणि खटल्यात फितूर साक्षीदार.

"चोरून आणते," म्हाताऱ्याला आता चेव आला होता. "पिशवीत लपवून. मी पाहिलंय."

"बाबा, चाखून सांगा बरं," ताई म्हणाली. "हा खराच आहे ना? पुढे हिने शब्द फिरवायला नको."

म्हातारा ताठ बसला. चमचाभर घेतला, जिभेवर धरला, गालातल्या गालात फिरवला, डोळे मिटले. "आपलाच," त्याने निकाल दिला. "पहिल्या प्रतीचा. दीड वर्षं मुरलेला."

"काल दुपारी," सून म्हणाली.

"काय काल दुपारी?"

"काल दुपारी मुरलाय. गॅसवर. जळका कांदा, टोमॅटो, मशरूमचं पाणी आणि करपलेली साखर. मिठाचा कण नाही त्यात. महिनाभर तेच ओरपतायत तुमचे बाबा, आणि वर मलाच सांगतायत, तुला काय कळणार त्यातलं!"

बोलताना तिला असं बरं वाटलं की विचारू नका. किती वर्षांचं साचलेलं होतं ते! ताईने चमचा तोंडात घातला आणि तिच्या कपाळावर आठी चढली. पुन्हा घातला. "ह्यात मीठच नाही," ती हळूच म्हणाली.

"उचलली जीभ लावली टाळ्याला!" म्हातारा कडाडला. "पिंपाच्या नुसत्या वासावरून महिना सांगायचो मी. मला शिकवता?"

"बाबांची जीभ चुकत नाही," ताईही हट्टाला पेटली. ती उठली, ओट्यावरून चिमूटभर काहीतरी आणलं आणि बापाच्या तळहातावर ठेवलं. "डोळे मिटा. दाखवून द्या हिला. काय आहे हे?"

म्हाताऱ्याने चाटलं. "साखर," तो तुच्छतेने म्हणाला. "काय पोरखेळ लावलाय!"

ताईचा हात तसाच पुढे राहिला, बोटांना मीठ चिकटलेलं. म्हाताऱ्याने डोळे उघडले, एकेकाचं तोंड पाहिलं, लेकीची बोटं पाहिली. मग स्वतः उठला, ओट्याशी गेला, मिठाच्या बरणीत बोट बुडवून जिभेला लावलं आणि उभा राहिला. पुन्हा बुडवलं. पुन्हा उभा. सुनेला वाटलं आता हा ओरडेल, बरणी फेकेल. तो पंचाला हात पुसत आपल्या खोलीत गेला आणि त्याने दार लावून घेतलं.

ताईने मग बापाला नेण्याची गोष्ट पुन्हा काढली नाही. जाताना भावाला म्हणाली, "इथेच राहू देत त्यांना. माझी ड्यूटी अशी, माझ्याकडून नाही व्हायचं." भावजयीशी बोलली नाही, चुकलं म्हणाली नाही. तपासनीस कधी दंड परत करतो का?

म्हातारा त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही ताट जसंच्या तसं दाराबाहेर आलं. नवरा म्हणाला, "तू बोलायला नको होतंस." त्यावर तिने त्याला असं काही ऐकवलं की तो डबा न घेताच पळाला. पण तो गेल्यावर ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि तिला रडू फुटलं. खरं बोलली होती, जिंकली होती, आणि एका वाक्यासाठी महिन्याभराची मेहनत चुलीत घातली होती. मेला म्हातारा! मेली आपली जीभ!

तिने भात गरम केला, सवयीने वरून तो काळा रस ओतला, आणि दार न वाजवता खोलीत शिरली. म्हातारा पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसला होता. ती समोर स्टूल ओढून बसली आणि चमचा पुढे केला.

"आ करा."

"कशाला? भात काय नि माती काय."

"मग माती समजून खा."

"जिंकलीस ना? जा आता."

"तुम्ही गेलात तर तुमची लेक माझंच नाव घेईल. मला नाही तुरुंगात जायचं. आ करा म्हणते ना!"

एवढ्या मोठ्याने तिने त्याच्यावर आजवर आवाज चढवला नव्हता. म्हाताऱ्याचं तोंड उघडलं, कदाचित शिवी द्यायलाच. तिने चमचा आत सारला. तो चावत राहिला, कितीतरी वेळ. गिळला. तिच्याकडे न बघताच त्याने विचारलं, "कसा झालाय?"

"खारट आहे. आज जरा जास्तच."

"खोटं बोलतेस."

"हो, बोलते," ती म्हणाली, आणि तिने पुढचा चमचा भरला.